सांगलीचा पूर: अलमट्टीकडे बोट दाखवून पेठ वाचेल काय?

मूळ मत (निवृत्त स्थापत्य अभियंता, विश्रामबाग)
ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, जुलै 2021 मध्ये तिने पुन्हा पन्नाशी ओलांडली, आणि तरीही दर पावसाळ्यात आपली चर्चा खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. राज्य सरकारने पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने 2019च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही; थोड्या दिवसांत कोसळलेला अतोनात पाऊस आणि पात्रातील अतिक्रमणे यांकडे तिने लक्ष वेधले. धोक्याची पातळी 45 फूट असली तरी सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातील कुटुंबांना त्याआधीच बिऱ्हाड हलवावे लागते. शामरावनगरात तर नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाने तळे साचते. पूररेषेची, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या नकाशावरील रेषेची, अंमलबजावणी काटेकोर करावी आणि बुजवलेले नाले मोकळे करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (किराणा व्यापारी, गणपती पेठ)
साहेब, पेठ पूररेषेत येऊन बसलेली नाही, पूररेषा नंतर पेठेवर आखली गेली. आमच्या दुकानाच्या भिंतीवर 2005च्या पाण्याची खूण आहे. तिच्यावर दोन फूट राखून आम्ही 2019 मध्ये माल रचला होता आणि तरीही साखरेची पोती बसल्या जागी विरघळली. उरले ते चिकट बारदान. सरकारी मदत जास्तीत जास्त 50,000 रुपये, तेवढ्यात सडलेला माल उचलण्याची हमालीही भागेना. आता जुनी इमारत पाडून उंच जोत्यावर बांधावी म्हटले, तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात.

उत्तर (शेतकरी, हरिपूर)
पूर येणे वेगळे आणि ओसरणे वेगळे. वारणा आमच्या दारात कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या तुंबल्या की हळद आणि ऊस आठवडाभर पाण्याखाली कुजतात. अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकचा आग्रह आहे. समितीचा निष्कर्ष आजच्या उंचीचा आहे, उद्याच्या नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर
उंची वाढवण्यास माझाही विरोध आहे, हे मी आधीच लिहायला हवे होते. पेठेबाबत मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची; निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, दोहोंच्या मध्ये जोते उंच ठेवून अटींवर परवानगी मिळू शकते. त्यामुळे जुन्या पेठेच्या पुनर्बांधणीला आडकाठी नको, पण शेरीनाल्याच्या कडेने भराव टाकून नवे गाळे उभे राहतात त्यांची गय का करावी?

उत्तर (किराणा व्यापारी, गणपती पेठ)
गाळ्यांची गय करू नका, हे मान्य. तिथे भराव पडला की पाणी आमच्याकडेच वळते. पण तोवर आम्हाला एवढे तरी द्या: आयर्विनला इतके फूट म्हणजे अमुक गल्लीत, अमुक पायरीला पाणी, असा तक्ता प्रत्येक गल्लीच्या तोंडावर रंगवून लावा. मध्यरात्री भोंगा वाजतो तेव्हा पोती माळ्यावर चढवायला किती तास हाताशी आहेत, हे आजही आम्ही एकमेकांना फोन करून विचारतो.