साखरेची गोळी, सही आणि थायलंड

तिरकस: काल इथे कोणीतरी लिहिलं, "थायलंडच्या एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाच्या चाचणीवर बोंबलणारे एसीत बसलेले नीतिवाले. पोरं वाचली ना?" राहवलं नाही. एचआयव्ही असलेल्या आईला गरोदरपणी एझेडटी दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण 25.5 वरून 8.3 टक्क्यांवर येतं, हे 1994 लाच कळलं होतं. तरी बँकॉकमध्ये निम्म्या बायकांना साखरेच्या गोळ्या! त्या गटातली 37 बाळं पॉझिटिव्ह निघाली. लुरी आणि वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी 1997 मध्ये जाब विचारला, तो उगाच नाही.

खमंग: 1994 चा तो अमेरिकन कोर्स तेव्हा 800 डॉलरचा, वर प्रसूतीत सलाईन. कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यात लावणार होतात? शेवटच्या महिन्यातला स्वस्त कोर्स काहीच न देण्यापेक्षा बरा का, एवढंच बघायचं होतं. लागणीचं प्रमाण 18.9 चं 9.4 टक्के झालं. निम्मे!

तिरकस: त्याच थायलंडमध्ये हार्वर्डवाल्यांनी प्लासिबो, म्हणजे तीच साखरेची गोळी, न देता छोटा कोर्स विरुद्ध मोठा कोर्स लावला. त्यांचं काही अडलं नाही.

खमंग: बायकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या की.

समुपदेशक_ताई: सह्यांचं मला नका सांगू. पुण्यात एका एचआयव्ही चाचणीत तीन वर्षं होते. संमतीपत्र 14 पानी. 'दुहेरी अंध' (कोणाला कुठली गोळी हे बाईलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही) वाचून दाखवलं, तर बाई घाबरून म्हणाली, "ताई, डोळ्यांना काही होईल का?"

पंतोजी: 'डबल ब्लाइंड' म्हटलं असतं तर कळलं असतं? समजावणारा कच्चा की खापर मराठीवर!

समुपदेशक_ताई: कच्ची? 'यादृच्छिकीकरण', म्हणजे कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडणं, सांगायला मी रुपया उडवून दाखवायचे, छापा की काटा. लगेच कळायचं. वरून तंबी आली, मंजूर मजकुराबाहेर बोलायचं नाही. तुम्ही घरी 'यादृच्छिक' कधी म्हणता हो?

पंतोजी: म्हणतो. गणित शिकवतो मी.

समुपदेशक_ताई: मग झालंच. त्या बाईचा खरा प्रश्न वेगळाच होता, "सासूला फोन जाणार नाही ना?" त्यावर 14 पानांत एक ओळ नव्हती.

तिरकस: अहो, धागा 37 बाळांचा आहे!

खमंग: बरं बाबा, हार्वर्डचं मान्य. तुम्ही थोर. पण फेब्रुवारी 1998 मध्ये निकाल आल्यावर इतर देशांतलेही प्लासिबो गट थांबवले, तेवढं तरी पदरात टाका.

तिरकस: टाकलं. 37 बाळांनंतर.

पंतोजी: 'दुहेरी अंध'ला पर्याय अजून कोणीच दिलेला नाही. वाट बघतोय.