मदत हवी आहे : क्लास बंद झाला, आता घरी काय आणि किती करायचं हे कसं ठरवायचं?

मुठाकाठ

नमस्कार. ‘योगासनं कशी सुरू करू’ हा माझा प्रश्न नाही. आसनं बऱ्यापैकी येतात. घराजवळ एका बाईंकडे बरीच वर्षं जात होते. त्या मुलाकडे बंगळूरला गेल्या आणि क्लास बंद झाला. दुसरे शोधले. एकात मोठ्याने गाणी लावून नुसती पळापळ, दुसरा चांगला आहे पण कोथरूडला. संध्याकाळी वडगावहून निघून राजाराम पूल ओलांडेपर्यंत तिकडे शवासन सुरू झालेलं असतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

अडचण अशी की क्लासात बाई सांगायच्या आणि मी करायचे. आता सतरंजी अंथरली की आज काय करू इथूनच सुरुवात. मग आवडतं तेच होतं. पवनमुक्तासन, भुजंगासन, पाठ जरा मोकळी झाली की संपलं. उभ्याने करायच्या आसनांचा मला पहिल्यापासून कंटाळा, ती तर गायबच झाली आहेत. काही दिवस नीट चालतं, मग पाहुणे, ऑफिसातली तिमाहीअखेर, नाहीतर गणपती, आणि खंड. खंडानंतर कुठून उचलायचं तेही कळत नाही.

दुसरं प्राणायामाचं. क्लासात साधा अनुलोम-विलोम आणि भ्रामरी एवढंच असायचं. घरी एका व्हिडिओत ४-१६-८ असं प्रमाण दाखवलं होतं, ते करून पाहिलं. छाती दडपल्यासारखी होते, डोकं जड होतं, आणि नाकपुडी बदलताना श्वास अक्षरशः ओढून घ्यावा लागतो. कपालभाती केली की वेगळंच, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या. सध्या दोन्ही थांबवलंय.

वय ४६, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडी, बीपी नॉर्मल, मान अधूनमधून धरते. सकाळी डब्याच्या आधी अर्धा तास मिळतो. संध्याकाळी जास्त वेळ असतो, पण नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की विसर्जनापर्यंत आमच्याकडे भ्रामरी ऐकू येत नाही.

जे स्वतःचं स्वतः करतात आणि ज्यांचं टिकलंय, ते रोज काय करायचं हे कसं ठरवतात? आणि प्राणायाम कुठल्या टप्प्यावर, किती?

टेकडीकर

सोप्पं आहे ताई. रोज १२ सूर्यनमस्कार घाला, विषय संपला. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उगीच का आयुष्यभर त्याचा प्रचार केला? सगळं शरीर त्यात येतं, ठरवायला काही उरतच नाही. पहाटे तळजाईवर या, हवाही चांगली मिळेल. रथसप्तमीपर्यंत १०८ वर जाल.

एक_पेठकर

टेकडीकर, त्या डब्याच्या आधीचा अर्धा तास म्हणतायत. वडगावहून तळजाईला जाऊन, १२ घालून, परत येऊन पोळ्या कोण करणार? तुम्ही?

फिजिओ_ताई

मुठाकाठ, आधी एक विचारते. छाती दडपल्यासारखी फक्त श्वास रोखल्यावर होते, की जिना चढताना, घाईने चालतानाही? तेव्हाही होत असेल तर प्राणायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी काढून होऊ द्या. आपल्या वयाच्या बायका ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे ढकलतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

फक्त रोखल्यावरच होत असेल तर कारण सरळ आहे. ४-१६-८ म्हणजे पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखणं) आणि रेचक (सोडणं) यांचं १:४:२ हे परंपरेतलं प्रमाण. ते पुढच्या टप्प्याचं आहे, समोर शिकवणारं कोणी असताना करायचं. १६ आकडे श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू ‘श्वास घे’ म्हणून मागे लागतो. मग पुढचा श्वास ओढून घ्यावा लागणारच. कपालभातीत बरोबर उलट. भराभर उच्छ्वास टाकत राहिलं, विशेषतः वेग आणि जोर जास्त असला, की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, हलकं वाटतं, ओठ-बोटांत मुंग्या येतात. थांबून साधा श्वास घेतला की थोड्या वेळात जातात. तुम्ही थांबलात ते योग्यच केलंत.

सध्या रोखणं पूर्ण बंद. आत ३ आकडे, बाहेर ४, एवढंच. आकडा वाढवायचा की नाही हे पुढचा श्वास सांगतो. उच्छ्वास संपल्यावर श्वास आपोआप, आवाज न करता आत आला तर लांबी बरोबर. हापकून घ्यावा लागला तर उच्छ्वास जास्त लांबवला गेलाय, एक आकडा कमी करा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. सरावाने ते सहाच्या आसपास येतात, आणि त्या गतीला हृदयाच्या ठोक्यांचा श्वासाबरोबरचा चढउतार सर्वांत ठळक होतो. पण सहाचं लक्ष्य ठेवून घड्याळ लावून बसू नका. परत तीच ओढाताण होईल.

सतरंजी

फिजिओ_ताईंना +१. मी आसनांच्या बाजूने लिहिते.

तुमच्या बाई ठरवून शिकवत असणार, फक्त ते ठरवणं तुम्हाला दिसत नव्हतं. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या वर्गांत महिन्याची रचना लावलेली असते : पहिला आठवडा उभ्याने करायच्या आसनांचा, दुसरा पुढे वाकायच्या, तिसरा मागे वाकायच्या आणि चौथा प्राणायामाचा. मॉडेल कॉलनीतली अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ ची, ते स्वतः डेक्कन जिमखान्यावर शिकवायला १९३७ मध्ये पुण्यात आलेले. त्यामुळे या शहरात ही रचना माहीत असलेलं कोणी ना कोणी प्रत्येक सोसायटीत सापडेल. मी ती घरात जशीच्या तशी उचलली. सकाळी कॅलेंडर बघायचं, आठवडा कितवा ते बघायचं, आणि त्या गटातलं करायचं. तुम्हाला उभ्याच्या आसनांचा कंटाळा असला तरी पहिला आठवडा दर महिन्याला येतोच, आणि कंटाळ्याचा आठवडा सातच दिवसांचा असतो. महिन्यात उरणारे वरचे दोन-तीन दिवस मात्र आवडीचं करा, तिथे तुमची भुजंगासनं.

कुठलाही आठवडा असो, दोन टोकं कायम ठेवायची. सुरुवातीला ताडासन (नुसतं ताठ उभं राहणं) आणि अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलणं). मान धरलेली असेल तर श्वानासन जमिनीवर करण्याऐवजी हात भिंतीला किंवा ओट्याच्या कडेला टेकवून पाठ आडवी लांबवा. शेवटी पाय भिंतीवर टाकून विपरीतकरणी आणि शवासन. त्रिकोणासनात मान वर वळवू नका, समोर बघा. शीर्षासन, सर्वांगासन क्लासात पक्कं शिकलेलं नसेल तर घरी एकटीने नको, आणि दुखऱ्या मानेने तर नकोच.

खंडाबद्दल माझं मत ठाम आहे. राहिलेलं भरून काढायचं नाही. गणपतीत पहिला-दुसरा आठवडा बुडाला आणि तिसऱ्यात परत उभं राहिलात तर तिसरा आठवडा. पण मागे वाकायची आसनं थेट सुरू करू नका, पहिले दोन-तीन दिवस फक्त टोकं आणि थोडी उभ्याची, शरीर तापू द्या. पाहुण्यांनी हॉल व्यापला असेल तर कपाट आणि पलंगाच्या मधल्या जागेत ताडासन होतं, पलंगावर झोपून पाय भिंतीवर जातात. तेवढं झालं तरी त्या दिवसाचं झालं असं मी धरते.

आता प्राणायाम. दमवणाऱ्या आसनांच्या पाठोपाठ नको, श्वास आधीच उधळलेला असतो. आणि बसून तर इतक्यात नकोच. बसलं की निम्मं लक्ष पाठ ताठ ठेवण्यात जातं. आडवं होऊन करा. सोलापुरी चादरीची लांब घडी, वीतभर रुंद, तीन-चार बोटं उंच. ती कण्याखाली घ्यायची, कमरेच्या वरपासून डोक्यापर्यंत. नितंब जमिनीवरच. डोक्याखाली आणखी एक घडी, म्हणजे कपाळापेक्षा हनुवटी किंचित खाली राहते. घसा आवळला जात नाही आणि छाती आपोआप उघडते. पहिल्यांदा काहीच करायचं नाही, चालू श्वास बघायचा. मग उज्जायी, म्हणजे घशात अगदी हलका घर्षणाचा आवाज ठेवून लांब उच्छ्वास. दोन-तीन लांब, मग दोन-तीन साधे, परत लांब. पुरे वाटायच्या आधी थांबायचं. मग घडी काढून सपाट शवासन.

हे रमलं की विलोम : श्वास सोडताना मध्ये दोन-तीनदा किंचित थबकत सोडायचा. आधी सोडतानाचा, घेतानाचा नंतर. नाक बोटांनी धरायचे प्रकार त्याच्याही नंतर. तोवर अनुलोम-विलोम सोडलात तर काही अडत नाही.

अर्धपद्म

सतरंजी यांचा आराखडा चांगला आहे, पण सगळ्यांना एकच माप बसत नाही. मी लोणावळ्याच्या कैवल्यधामच्या पठडीतला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले, अगदी क्ष-किरण वापरून. आमच्याकडे भर कमीत कमी श्रमात आसन टिकवण्यावर. मोजकी आसनं, रोज तीच, सावकाश. ज्याला बदल सोसत नाही त्याला हे जास्त मानवतं. आणि आराखड्याचा हट्टही नको. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत : अति खाणं, अति श्रम, अति बोलणं, नियमांचा हट्ट, माणसांची गर्दी आणि चंचलपणा. त्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्याने नियमांच्या हट्टात पहाटेची थंड पाण्याची आंघोळसुद्धा घातली आहे. कपालभातीबद्दल एवढंच, की जुन्या ग्रंथात ती प्राणायामात नाहीच, धौती, नेतीच्या ओळीत शुद्धिक्रियांमध्ये आहे. रोज शेकड्यांनी करायची गोष्ट म्हणून ती आता पसरली.

एक_पेठकर

यादीत अति बोलणंही आहे, अर्धपद्म.

सतरंजी

रोज तीच मोजकी आसनं हा सल्ला ज्यांची आवड-नावड निवलेली आहे त्यांना. मुठाकाठ यांनी स्वतःच लिहिलंय की मोकळं सोडलं तर त्या आवडीचंच करतात. त्यांना माझंच बरं.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. फिजिओ_ताई, जिना चढताना काही होत नाही, चौथ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद असते तेव्हाही नाही. फक्त रोखल्यावरच. तरी वार्षिक तपासणी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा सांगेन.

महिन्याचा आराखडा पटला. सकाळी आसनं आणि घरून काम असेल त्या दिवशी संध्याकाळी आडवं होऊन प्राणायाम असं करते. दुपारचं जेवण आणि त्यात किती अंतर ठेवू? आणि पाळीच्या दिवसांत?

तिसरं, सासूबाई म्हणतायत मलाही शिकव. वय ७४, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. त्या टीव्हीवर बघून रोज सकाळी कपालभाती करतात.

सतरंजी

पोटभर जेवण झालं असेल तर तीन-चार तास. चहा-बिस्किटानंतर अर्धा-पाऊण तास पुरतो. पाळीत उलट्या स्थितीतली आसनं आणि जोराची पीळ देणारी नकोत, कपालभातीही नको. लोडावर पाठ टेकून सुप्तबद्धकोणासन (तळपाय जुळवून गुडघे बाजूला सोडून आडवं होणं), मांड्यांखाली उशा. दुखत असेल तर तेवढंच पुष्कळ.

फिजिओ_ताई

सासूबाईंची कपालभाती आजपासून बंद. बीपी असताना जोराचे झटके आणि श्वास रोखणं दोन्ही नको. बीपीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही करायचं नाही. त्याऐवजी खुर्चीत बसून, पाय जमिनीला टेकवून, हात वर-खाली श्वासाबरोबर. घोटे फिरवणं. गुडघा सरळ करून पाच मोजेपर्यंत धरणं, तेही श्वास चालू ठेवून. शेवटी साधी भ्रामरी, कान न दाबता. उभं राहायचं असेल तर खुर्चीची पाठ धरून ताडासन. खुर्ची प्लास्टिकची घेऊ नका, फरशीवर सरकते. लोखंडी घडीची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा.

मुठाकाठ

लोखंडी खुर्ची माळ्यावर आहे, काढते. कपालभातीचं मात्र त्यांना तुमचं नाव सांगून सांगते. माझं ऐकायच्या नाहीत, ‘एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या’ म्हटलं तर ऐकतील.

फिजिओ_ताई

डॉक्टरीण नाही हो, फिजिओ. पण चालेल, सांगा.