हवामान बदल न मानणाऱ्यांना आधी पटवायचं की आधी कामाला लागायचं? (इंदूर)

मल्हारगंजकर
आमच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर उन्हाचा विषय निघाला की दोनच उत्तरं येतात. "उन्हाळा पूर्वीही तापायचाच" किंवा "सोड ना भिया, कशाला डोकं तापवतो". माझं मत असं की सरकारने आणि महापालिकेने या दोघांनाही पटवण्यात वेळ घालवू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या महापालिकेने नर्मदेकाठच्या जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेला पैसा) काढले. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून घाट चढवून आणायला विजेचा जो खर्च येतो, तो कमी करायचा होता. रोखे घेणाऱ्यांना कुणी विचारलं नाही की पृथ्वी तापतेय हे तुम्हाला मान्य आहे का. व्याज बरं होतं, मागणी दुपटीच्या वर गेली.
अहमदाबादचंच बघा. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आला: वेळेवर इशारा, दवाखान्यांत तयारी, पाण्याची सोय. त्यासाठी कुणाचं मतपरिवर्तन करत बसले नाहीत.

स्नेहलतागंज
मला हे अजिबात मान्य नाही. लोकांना न पटलेली योजना कशी गुंडाळली जाते ते एबी रोडवर जाऊन बघा. २०१३ मध्ये बीआरटीएस, म्हणजे जलद बसचा मार्ग, सुरू झाला, साडेअकरा किलोमीटर, बसला वेगळी मार्गिका. गाडीवाल्यांची तक्रार कायम एकच, आमचा रस्ता बळकावला. एका बसमधून किती माणसं जातात आणि तेवढ्यांना किती गाड्या लागतील, हा हिशेब त्यांच्या गळी कुणी उतरवलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गिका हटवायची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगीही दिली.
शिवाय हे नाकारणं आपोआप उगवत नाही. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तापमानवाढीचे अंदाज बांधले होते, ते बरेचसे खरे ठरले. कंपनी मात्र बाहेर वर्षानुवर्षं शंका पसरवत राहिली. पैसा ओतून पेरलेल्या शंकेला सरकारने उत्तर द्यायचं नाही तर कुणी? नेदरलँड्सच्या हेग शहराने २०२४ मध्ये रस्त्यांवरच्या पेट्रोल-डिझेलच्या जाहिरातींवर बंदीचा नियम केला. आपल्याकडे निदान चर्चा तरी व्हावी.

राजवाडा_जुना
मला न मानणारा म्हणा हवं तर. हुकुमचंद मिल चालू होती तेव्हापासून इथे आहे, कडक उन्हाळे पाहिलेत. माझा राग आकड्यांवर आहे. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांवर रोपं लावली, गिनीजमध्ये नोंद झाली. छान. त्यातली किती जगली हे दर वर्षी राजवाड्यासमोर फलकावर लिहा. तो आकडा खरा निघाला तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवीन.

परदेशीपुरा_ताई
काका, शब-ए-मालवा म्हणत ज्या गार रात्रींचं कौतुक व्हायचं, त्या आमच्या गल्लीत आता उरल्या नाहीत. वरच्या खोलीवर पत्रा आहे. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की ऊब जाणवते. समोरच्या इमारतीच्या एसींचे डबे आमच्या खिडकीकडे तोंड करून गरम हवा फेकतात. रात्र न निवण्यात सिमेंटचा वाटा आहे, हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचाही आहे. ज्याला परवडतं तो दार लावून आत बसतो आणि "सोड ना" म्हणतो. सासूबाई त्या पत्र्याखालीच झोपतात, त्यांनी काय सोडायचं? पत्र्याला आणि गच्चीला चुना मारणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्या. वाद नंतर घाला.

मल्हारगंजकर
ताई, अगदी हेच म्हणतोय. ओला-सुका कचरा वेगळा करायचा हे आधी पटलं आणि मग सुरू झालं असं आपल्याकडे घडलं नाही. रोज दारात गाडी यायला लागली, दंड बसायला लागला, मग सवय लागली.

स्नेहलतागंज
आणि गाडीच्या जोडीने घरोघर समजावत फिरलेली संस्थांची माणसं? त्यांना कसं विसरता? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरणाचे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवायला आणि हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं होतं. पण पडद्यावरची स्लाइड समोरच्याची शंका ऐकून घेत नाही. दारात उभी राहिलेली बाई ऐकते. अशी माणसं उन्हाळ्याआधी प्रत्येक वॉर्डात पाठवा, आणि ताई म्हणतात त्या सवलतीचा अर्ज त्यांच्याच हातून द्या.

राजवाडा_जुना
अर्ज वाटणार असाल तर होळीच्या आत वाटा, आणि सुरुवात पत्र्याच्या घरांपासून करा. रोपांच्या फलकाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.