कुत्रं कोणतं घ्यावं, शिह त्झू की ल्हासा अप्सो? भुसावळच्या उन्हाळ्यासाठी मदत हवी आहे

घर वरच्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. एसी नाही, फक्त कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. दिवसभर आई घरी असते. मुलगी सहा वर्षांची.

कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, म्हणून आखूड नाकाच्या शिह त्झूची धास्ती वाटते. शिवाय मोठे डोळे, त्यात आपली धूळ. ल्हासाचं नाक थोडं लांब, पण तो अनोळखी माणसावर भुंकतो आणि लहान मुलांची ओढाताण सहन करत नाही, असं डॉक्टर म्हणाले. केस दोघांचेही इंचभर ठेवणार, तासणार नाही. फिरवणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर.

जळगाव-धुळ्याकडे फक्त कूलरवर यांपैकी कोणी पाळलंय का? उन्हाळा कोणाला जास्त सोसला, आणि वीज गेल्यावर तुम्ही काय करता?