नाताळात परदेशातल्या बालगृहात स्वयंसेवक: जावं की जाऊ नये?

पायवाट (धागाकर्ती):

मी केनियातल्या एका ख्रिस्ती बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहते आहे. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचं नाव देत नाही. यंदाचा नाताळ तिथेच झाला. ओळखीच्यांना हे सांगितलं तेव्हा काहींनी "केवढं पुण्याचं काम" म्हटलं, तर काहींनी "तुमच्यासारख्यांमुळेच अनाथाश्रमांचा बाजार चालतो" असं सुनावलं. मला दोन्ही मान्य नाही.

माझं मत असं: नाताळात बाहेरच्या माणसाने तिथे असायला हरकत नाही, पण त्याची जागा स्वयंपाकघरात आहे, ख्रिसमस ट्रीजवळ नाही. सण मुलांचा आणि त्यांच्या रोजच्या माणसांचा. भेटी वाटायला आणि फोटो काढायला जाणाऱ्यांनी जाऊच नये.

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात मुलं मोकळी असतात. शहरातली माणसं नाताळाला गावी जातात, बसगाड्या खच्चून भरतात, भाडी चढतात. बालगृहातही या महिन्यातलं मोठं काम सजावटीचं नसतं. कोणतं मूल कोणाकडे जाऊ शकेल, हे बघायचं असतं. आमच्याकडच्या बहुतेक मुलांचं कोणी ना कोणी आहे. कोणाची आजी, कोणाची मावशी, कित्येकांची सख्खी आई. समाजसेविका आधी घर बघून येते, सरकारी बालअधिकाऱ्याला कळवलं जातं, मग मूल पिशवी घेऊन निघतं. घरच्यांवर भार पडू नये म्हणून सोबत पीठ, साखर, तेल दिलं जातं. मागे राहतात ती ज्यांना घरी पाठवणं धोक्याचं आहे, किंवा ज्यांचे नातेवाईक अजून सापडलेले नाहीत अशी मुलं. २५ तारखेचा सण या मागे राहिलेल्यांचा असतो.

त्या दिवशी सकाळी नवे कपडे घालून चर्च. नव्या कपड्यांचं महत्त्व तिकडे फार, काही मुलं ते आदल्या रात्री उशाशी घेऊन झोपली होती. उपासना तासन्‌तास चालते आणि कोणालाही कंटाळा येत नाही, कारण निम्मा वेळ गाणं आणि नाच. दुपारी चपात्या. केनियात चपाती मैद्याची असते, भरपूर तेल सोडून भाजतात, आणि बऱ्याच घरांत ती सणासुदीलाच होते. नाताळाला ती हवीच. मी लाटायला बसले होते.

एका मुलाची आई भेटायला येणार होती. आली नाही. तो फाटकाशी बसून राहिला. हाउसमदर (मुलांसोबत राहून त्यांना सांभाळणारी तिथली कर्मचारी) हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या वाट्याची भांडी मी घासली. माझ्या मते स्वयंसेवकाचा उपयोग हा, आणि तो थोडा नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले असते तर ते चुकीचं झालं असतं.

भेटवस्तूंचंही तेच. पैसे संस्थेकडे द्यावेत, वस्तू हाउसमदरच्या हातून मिळाव्यात. ज्या हातातून खाऊ मिळतो त्या हाताकडे मूल पुन्हा बघतं, आणि फेब्रुवारीतही तो हात तिथे असायला हवा.

तुम्हाला काय वाटतं?

कडुलिंब:

पूर्णपणे असहमत. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण इथे प्रश्न हेतूचा नाहीच.

कंबोडियात २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. ही वाढ परदेशी पाहुणे आणि परदेशी देणग्या यांच्या पाठोपाठ आली. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब आईला "मुलाला शाळा आणि तीन वेळचं जेवण मिळेल" असं सांगितलं की ती मूल देते. त्यात तिचा दोष नाही. दोष त्या पैशाचा, जो तिच्या घरी न जाता संस्थेच्या इमारतीत जातो. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याआधी संसदीय चौकशी झाली, तेव्हा बालगृहं भरण्यासाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा प्रश्न तिथे ठळकपणे आला होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात बालगृहांतल्या स्वयंसेवा-पर्यटनाच्या (फिरायला जाऊन थोडे दिवस स्वयंसेवा करण्याच्या) धोक्याची दखल घेतली. खुद्द केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये मुलांना दहा वर्षांत कुटुंबांकडे नेण्याचं धोरण आणलं. सरकार मुलांना बाहेर काढू बघतंय आणि तुम्ही आत जाताय.

त्यातून डिसेंबर म्हणजे देणग्यांचा महिना. पाहुण्यांना भरलेलं घर बघायचं असतं, गाणारी मुलं बघायची असतात. अशा वेळी मुलांना आजीकडे पाठवून घर रिकामं करायला कोणता संचालक तयार होईल? तुमची संस्था पाठवत असेल तर चांगलं आहे. इतर पाठवत नाहीत, आणि तुमचं वर्णन वाचून जाणारे लोक त्या इतर संस्थांमध्ये जातील.

पायवाट:

@कडुलिंब, शेवटचा परिच्छेद अगदी खरा आहे आणि माझ्या मताला त्याने बळच येतं. जाऊ इच्छिणाऱ्याने संस्थेला पहिला प्रश्न विचारावा: २५ डिसेंबरला तुमच्याकडे किती मुलं असतात? वर्षभर असतात तेवढीच, असं उत्तर आलं तर तिथे पाऊल ठेवू नये. नाताळाला घर निम्मं रिकामं होत असेल तर ती संस्था आपलं काम जाणते. माझा पोलीस दाखला मागितला का, मला मुलांसोबत एकटीला सोडतात का, हेही विचारावं. दाखला न मागता फक्त पैसे मागणाऱ्या संस्था आहेत, त्या मोठ्या आनंदाने हो म्हणतात.

पण "कोणीच जाऊ नये" यावर मी येणार नाही. मागे राहिलेली मुलं धोरण पूर्ण होईपर्यंत वाट बघत बसू शकत नाहीत. दहा वर्षं म्हणजे त्यांचं सगळं बालपण.

निशिगंध:

मी ख्रिस्ती आहे आणि मला या धाग्यातला सूर खटकतोय. नाताळ म्हणजे जणू एक जोखीम आहे आणि ती कमीत कमी नुकसानीत पार पाडायची आहे!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला बघायला सगळ्यात आधी मेंढपाळ आले. ते घरचे नव्हते. आले, बघितलं, आनंद करत परत गेले. ते थांबले नाहीत म्हणून त्यांचं येणं खोटं ठरलं का? परक्याने दार वाजवणं हा नाताळाचाच भाग आहे. अनाथांचा आणि विधवांचा संकटात समाचार घेणं हीच शुद्ध भक्ती, असं बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात आहे. समाचार घ्यायला माणूस जातो. नुसते पैसे पाठवले म्हणजे समाचार घेतला असं होत नाही.

आणि भेट फक्त हाउसमदरनेच द्यायची हा नियम मला फार कोरडा वाटतो. दुरून आलेल्या ताईने दिलेली बाहुली ही मुलीसाठी खास गोष्ट असते. ताई निघून गेल्यावरही बाहुली राहते.

रातपाळी:

@निशिगंध, मी बालमानसोपचार विभागात परिचारिका आहे, म्हणून या बाहुलीबद्दल लिहायलाच हवं.

२००० साली रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत (म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत) ठेवलं, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांची माणसाशी घट्ट नातं जोडण्याची क्षमता उशिरा गेलेल्यांपेक्षा बरीच चांगली निघाली. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: अनोळखी माणसाकडे बेधडक धावत जाणं, मांडीवर चढून बसणं, हात धरून सोबत चालू लागणं. पाहुण्यांना वाटतं, किती लाघवी मूल! आम्हाला ते बघून काळजी वाटते. आपलं माणूस कोण आणि परकं कोण हा भेद त्या मुलात तयारच झालेला नसतो, आणि दर डिसेंबरात येणारे नवे ताई-दादा तो तयार होऊ देत नाहीत. मेंढपाळ एकदाच आले होते. इथे ते दरवर्षी वेगवेगळे येतात, आणि प्रत्येक जण बाळाला उचलून घेतो.

मात्र धागाकर्तीशीही माझा वाद आहे. हाउसमदरलाही स्वतःची मुलं असतात, तीही नाताळाला गावी जाणार. मग रात्री कोण असतं? बऱ्याच ठिकाणी ती रात्र स्वयंसेवकांवर सोपवतात. वर्षातली सगळ्यात हळवी रात्र, आणि नेमके ओळखीचे चेहरे गायब. आंघोळ, झोपवणं, रात्रपाळी यांपैकी काहीही स्वयंसेवकाकडे असता कामा नये.

पायवाट:

@रातपाळी, आमच्याकडे हाउसमदर आळीपाळीने सुट्टी घेतात. एक गट नाताळाला जातो, दुसरा नववर्षाला. रात्री कायम त्यांच्यापैकीच कोणीतरी असतं. ज्या राहतात त्यांच्या कामाचा बोजा दुप्पट होतो, तेवढाच आम्ही उचलायचा. शिधा आणणं, लाटणं, धुणं, झाडणं. आंघोळ आणि झोपवणं यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

@निशिगंध, तुमचं दुखणं समजतं. त्या दिवशी आनंद भरपूर होता. येशूजन्माच्या देखाव्यात राजा व्हायला तिघे तयार आणि योसेफ व्हायला कोणीच नाही, त्यावरून भांडण, शेवटी एका मुलीने दाढी लावली. फक्त त्या आनंदाच्या मधोमध मी नव्हते.

उंबरठा:

मुलांच्या धर्माबद्दल कोणी बोलत नाहीये. केनियात ख्रिस्ती बहुसंख्य आहेत हे खरं, पण किनारपट्टी आणि ईशान्य भागात मुस्लिम वस्ती मोठी आहे. ख्रिस्ती संस्थेत तिकडचं मूल आलं तर नाताळाच्या देखाव्यात त्याला मेंढपाळ करायचं का? १९८९ च्या बालहक्क करारात कलम १४ मुलाचं धर्मस्वातंत्र्य सांगतं, आणि कलम २० सांगतं की कुटुंबाबाहेर ठेवलेल्या मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीचा योग्य विचार व्हावा. केनियाने हा करार १९९० मध्येच स्वीकारला. बालगृहातलं मूल "नको" म्हणू शकत नाही, कारण अन्न आणि प्रार्थना एकाच हातातून येतात. स्वतः ख्रिस्ती नसलेले स्वयंसेवक टाळ्या वाजवून या सगळ्याला मान्यता देतात, हे मला पटत नाही.

निशिगंध:

@उंबरठा, मुलावर सक्ती नकोच, यात दुमत नाही. पण ज्या मुलांची आजीही चर्चला जाते त्यांचा नाताळ पुसट करणं हीसुद्धा कलम २० ची पायमल्लीच. त्यांना घरापासून तोडलंय, निदान घरचा सण तरी पूर्ण मिळू दे.

पायवाट:

मी ख्रिस्ती नाही. प्रार्थनेला मागे शांत उभी राहते, ओठ हलवत नाही. मुलांनी विचारलं तर खरं सांगते आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्या धर्माचं मूल असेल तर त्याला देखाव्यात घेण्याआधी त्याच्या नातेवाइकांना विचारावं, आणि नातेवाईक नसतील तर त्याला त्याच्या धर्माच्या माणसांशी जोडून देणं हे संस्थेचं काम आहे. ते होत नसेल तर उंबरठा यांचा आक्षेप योग्य आहे.

सोनचाफा:

मी संस्थेत वाढले. कुठल्या ते सांगत नाही. इतकंच सांगते की पाहुणे आले याचा त्रास नव्हता, जेवण चांगलं मिळायचं. त्रास व्हायचा तो "आता गाणं म्हणून दाखवा" याचा. आम्ही एरवी दिवसभर गायचो. रांगेत उभं राहून गायचो तेव्हा प्रत्येकाला कळायचं की हे जेवणाच्या बदल्यात आहे. आणि कडुलिंब, तुमच्या आकड्यांतलं मूल मीच आहे. माझी आई होती. वर्षातून एकदा तिच्याकडे जायचं भाडं कोणी दिलं असतं तर मला बाकी काही नको होतं.

कडुलिंब:

@सोनचाफा, हेच म्हणतोय मी. आता धागाकर्तीला थेट विचारतो. पुढच्या डिसेंबरात तुमच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे बसभाडं आणि शिधा म्हणून त्या घरांना दिले तर किती मुलं घरी जातील?

पायवाट:

बरीच. ते भाडं आणि शिधा आम्ही यंदाही दिला, पुढच्या वर्षी जास्त देऊ. पण ज्यांना पाठवायला घरच नाही त्यांच्यासाठी तिकीटही काढणार आहे. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

रातपाळी:

गेलात तर फेब्रुवारीतही जा. तेव्हा कोणीच येत नाही, आणि हाउसमदरना रजा तेव्हाही लागते.