लाइनदोरीने चाकं तपासणं म्हणजे रिकामपणाचे उद्योग?

बुलेट_साताऱ्याची: काल इथे एकाने ठासून लिहिलं, “मोटरसायकलचं मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या खुणा जुळवल्या की चाक सरळ. दोऱ्या ताणणं हे रिकामपणाचे उद्योग.” अहो, त्या खुणांत एखाद-दोन मिमीची चूक सहज असते! खंबाटकी उतरताना घसरलो, तेव्हापासून माझी क्लासिक ३५० डावीकडे ओढायची. गराजवाला म्हणाला, चासी (गाडीचा सांगाडा) गेली. घरी डबल स्टँडवर घेतली, गवंड्याची लाइनदोरी मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्हीकडून पुढे ताणली. मागचा टायर १२० मिमी रुंद, पुढचा १००, म्हणजे पुढे दोन्हीकडे साधारण १० मिमी फट हवी. हँडल सरळ धरलं तरी पुढचं चाक दोरीला तिरकं! टीचे (हँडलखाली पुढचे शॉकअप धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट ढिले केले, चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवलं, परत कसलं. आता हात हलका ठेवला तरी सरळ जाते.

काळे_हात: नशीब तुमचं. दोरी चाकं दाखवते, चासी नाही. माझ्या भावाची गाडी दोरीत चोख, तरी ७०ला हँडल थरथरायचं. टाकी काढली तर कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) नळीखाली वेल्डिंगजवळ रंग केसाएवढा तडकलेला. खाली चीर!

घाटवाट: चासीचं निघालंच आहे तर बोलतो. गॅसवर लाल करून चासी सरळ करणाऱ्यांना आवरा कोणीतरी. तापवलेल्या जागी पोलादाचा जोर जातो.

बुलेट_साताऱ्याची: विषय दोरीचा चाललाय, गॅस कुठून आला?

घाटवाट: माझ्या मेहुण्याची तशीच ‘सरळ’ केलेली चासी सहा महिन्यांत त्याच जागी वाकली. कॉलरबोन मोडलं त्याचं. तुम्हाला विषय सुचतोय!

काळे_हात: गॅसबद्दल घाटवाट बरोबर आहेत. आमच्याकडे तर लाल करून वर पाणी ओततात.

घाटवाट: पाणी? मग तर पोलाद ठिसूळही होऊ शकतं. अशी चासी बदलायचीच, पैसे कितीही लागोत.

बुलेट_साताऱ्याची: बरं, पडलेल्या गाडीला नुसती दोरी पुरत नाही, मान्य. टाकी काढून बघायला हवं होतं, या रविवारी बघतो. पण चेन टाइट करताना मागचं चाक सरकतं, म्हणून नंतर दोरी लावायचीच. खुणांवर विसंबून माझ्या मागच्या सॉकेटचे (चेनच्या दातेरी चकतीचे) दात एकाच अंगाने घासून चकाकत होते.

काळे_हात: चेनपुरतं मान्य. त्याहून जास्त नाही.