ज्वारी कशावर दळलीय?

बी-२०४ चिऊची आई: नमस्कार सगळ्यांना, जरा वेगळा विषय आहे सेक्रेटरी काका रागावू नका. रविवारी बागेत पोरांच्या पार्टीला डोनट आणणार असं कळलं, आणा की, पण आमच्या चिऊला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या चिकट प्रथिनानं त्रास होणारा आजार, निघालाय हे बऱ्याच जणांना माहीत नाही. गहू, मैदा, रवा काहीच चालत नाही तिला. मागच्या वेळी सगळी पोरं केक खात होती आणि ही कुरमुऱ्यांची वाटी घेऊन झोपाळ्यावर बसली होती, तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. म्हणून काल ज्वारीच्या पिठाचे डोनट केले, तळले नाहीत, ओव्हनमध्ये भाजले. फोटो टाकलाय, हसू नका.

ए-३०१ दादा: वहिनी हे डोनट आहेत का पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक

बी-२०४ चिऊची आई: ब्लॉक परवडले ओ, ते तुटत तरी नाहीत. हे साच्यातनं काढताना दोन तुकडे आणि हातात घेतलं की भुगा. चव बरी होती पण एवढे कोरडे की दुधाबरोबर गिळावे लागले. चिऊ म्हणाली आई छान आहेत, मग उरलेले हळूच कुंडीत टाकलेले सापडले.

ए-५०२ काका: एवढा उपद्व्याप कशाला करायलाय, आमच्या गावाकडचा खपली गहू आहे, पाच किलो देतो. खपलीला ग्लूटेन नसतंय, जुनं बियाणं ते. खपलीची हुग्गी (खीर) खाऊन आम्ही वाढलो, कधी पोट दुखलं नाही.

सी-१०१ डॉक्टर वहिनी: काका तुमच्या हुग्गीला मी कधीच नाही म्हणणार नाही, पण चिऊला खपली अजिबात देऊ नका. खपली हा गव्हाचाच प्रकार, ग्लूटेन आहेच त्यात. त्याची पोळी न फाटता लाटता येते ना, मग तो ताण कुठनं आला? दलिया, शेवया, रवा, सगळं गव्हातच मोजायचं. शिवाय जव आणि राय (ते धान्य, मोहरी नव्हे).

डी-४०२: (फॉरवर्ड केलेला मेसेज) ग्लूटेन म्हणजे पांढरं विष!! आजच पोळी बंद करा!! दहा जणांना पाठवा!!

सी-१०१ डॉक्टर वहिनी: कृपा करून नका पाठवू दहा जणांना. ज्याला त्रास नाही त्यानं निवांत पोळी खावी. सिलिॲकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी, वजन-उंची अडते. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. आणि कुणाला शंका असेल तर आधी गहू सोडून मग रक्त तपासायला जाऊ नका, रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. गहू खात असतानाच तपासायचं असतं.

सेक्रेटरी काका: चर्चा चांगली आहे पण ज्यांना नदीची चौकशी करायचीय त्यांनी इथंच करा, मला रात्री फोन करू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी अजून इशारा पातळीच्या, म्हणजे ४० फुटांच्या बरंच खाली आहे. धोका पातळी ४५ फूट. खालच्या गाळ्यातलं सामान उगाच हलवू नका.

ए-३०१ दादा: काका डोनट वाहून जाणार नाहीत, ब्लॉक आहेत ते

ए-२०२ आजी: (नातू टाईप करतोय, आजी सांगायल्यात) अगं चिऊच्या आई, पीठ किती दिवसांचं होतं?

बी-२०४ चिऊची आई: आजी महिना झाला असेल

ए-२०२ आजी: मग विरी गेली त्याची. शिळ्या पिठाची भाकरी थापताना कडा कशा फाटत जातात बघितलं नाहीस होय? तसंच झालंय हे. ताजं दळून आण. आणि पाणी कसलं घातलंस, गार?

बी-२०४ चिऊची आई: दूध घातलं, फ्रीजमधलं

ए-२०२ आजी: तिथंच गंडलं. गव्हाला चिकटा अंगचाच असतो, ज्वारीला तो आपण द्यायचा असतो. थोड्या पिठाची उकड काढ, झाकून ठेव, कोमट झाली की बाकीच्यात कालव. माझी सून पहिल्यांदा भाकरी करायला लागली तेव्हा तिच्या भाकरीचा नकाशा व्हायचा, ती आता हे वाचत असेल, वाचू दे.

ए-२०२ वहिनी: वाचलं

ए-३०१ दादा: आजी बरोबर बोलायल्यात, उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तोच मग बाकीचं धरून ठेवतो. जोडीला एक चमचा इसबगोल घाला, दुकानात मिळतं ते साधं, फ्लेवरवालं नको. पाणी लागलं की त्याचा गिळगिळीत लगदा होतो, त्यानं भुगा होणार नाही.

बी-१०३ ताई: आणि जवस? मी भाजलेली जवस कुटून घालते धपाट्यात. पण वर डॉक्टर वहिनी जव चालत नाही म्हणाल्या

सी-१०१ डॉक्टर वहिनी: जव वेगळा, जवस वेगळी! जव म्हणजे सातू, तो नको. जवस तेलबी, ती चालते. हा घोळ माझ्या दवाखान्यात पण होतो. आणि हो, विकतच्या सातूच्या पिठात बऱ्याचदा गहूच असतो, ते पण नको. बरं मला एक सांग, ज्वारी दळून कुठनं आणतेस?

बी-२०४ चिऊची आई: कोपऱ्यावरच्या गिरणीतनं, नेहमीच्याच

सी-१०१ डॉक्टर वहिनी: कशावर दळतात?

बी-२०४ चिऊची आई: …

बी-२०४ चिऊची आई: गव्हावर. मी कधी विचारलंच नाही ओ. आम्ही बेसन दळताना कटाक्षानं सांगतो डाळीवर दळा म्हणून, कारण भजी बिघडतात, आणि पोरीच्या ज्वारीला मात्र विचारलं नाही. घरातला गहू बंद केला, तिचा तवा, पोळपाट, चिमटा वेगळा केला, भांड्यांना लाल दोरा बांधला, तरी दर पंधरा दिवसांनी पोट का बिघडायचं ते आत्ता कळलं.

सी-१०१ डॉक्टर वहिनी: वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेकांचं इथंच चुकतं. जात्यात अडकलेला गहू पहिल्या घाण्यात सगळा ज्वारीत येतो. पाकिटावर ग्लूटेन फ्री छापायचं असेल तर एक किलो मालात ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे चिमटीत पण धरता येणार नाही इतकं. गिरणीत तर हवेतच गव्हाचं पीठ उडत असतं, नुसतं ज्वारीवर दळा सांगून भागणार नाही.

ए-४०३ काकू: आमच्याकडं घरघंटी आहे घेऊन जा की. पण आम्ही गहू दळतो त्यात, ते चालेल का

सी-१०१ डॉक्टर वहिनी: नाही काकू, कितीही झाडली तरी कोपऱ्यात राहतं

ए-१०५ मावशी: लेकानं दिवाळीला घरघंटी पाठवलीय, खोकंच फोडलं नाही अजून, मी त्यावर टीव्हीचं रिमोट आणि औषधं ठेवते. ये घेऊन ज्वारी. तांदूळ पण आण. गहू घालायचा नाही त्यात कधीच असं मी खोक्यावर लिहून ठेवते.

बी-२०४ चिऊची आई: मावशी काय बोलू. आलेच.

---

बी-२०४ चिऊची आई: तीन दिवसांनी लिहितेय, ज्यांनी माप मागितलं त्यांच्यासाठी. शाळू (ज्वारी) आणला, निवडला, धुऊन वाळवला (ज्वारीत पण गव्हाचे दाणे असतात, मूठभर निवडताना चार सापडले!), मावशींकडं दळला. एक वाटी ज्वारी, अर्धी वाटी तांदळाचं पीठ. त्यातल्या पाव वाटी ज्वारीची पाव वाटी उकळत्या पाण्यात उकड काढली. कोमट झाल्यावर अर्धी वाटी दही, अर्धी वाटी किसलेला गूळ, तीन मोठे चमचे तेल, एक चमचा इसबगोल, वेलची, मीठ चिमूटभर, लागेल तसं कोमट दूध. पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट. मग अर्धा तास झाकून ठेवायचं, हे सोडू नका, पहिल्यांदा मी लगेच भाजले म्हणून दाताखाली कचकच लागत होती. दीड चमचा बेकिंग पावडर अगदी शेवटी, मग लगेच साच्यात. १८० डिग्रीला १५ मिनिटं. आणि काढायची घाई नको, गरम असताना मोडतात, दहा मिनिटं साच्यातच राहू द्या.

बी-१०३ ताई: ओव्हन नाही आमच्याकडं

ए-२०२ आजी: आप्पेपात्रात कर. भोक नसंल, गोल होतील. भोकाला काय चव असती होय?

ए-५०२ काका: गूळ घातलाय म्हणजे शुगरवाल्यांना पण चालेल ना

सी-१०१ डॉक्टर वहिनी: काका गूळ म्हणजे साखरच, रंग वेगळा. तळले नाहीत म्हणून तेल वाचलं, ज्वारीमुळं थोडा चोथा मिळाला, एवढंच. तुम्ही अर्धा खा.

ए-५०२ काका: अर्ध्या डोनटचं भोक कुठं धरायचं

बी-२०४ चिऊची आई: वरून आयसिंग नाही केलं, तासगावचे बेदाणे रात्री भिजत घालून मिक्सरला वाटले, थोडं कोको घालून चोपडलं. काळपट चकाकी येते, पोरांना चॉकलेटच वाटतं. रंगीत गोळ्या मात्र पाकीट वाचूनच घ्या, एका पाकिटावर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं, परत ठेवलं.

ए-३०१ दादा: रविवारी टेबल मी लावतो. चिऊचं ताट वेगळ्या टेबलावर आणि सगळ्यात आधी वाढायचं, म्हणजे बेकरीच्या डोनटचा हात तिकडं लागणार नाही.

बी-२०४ चिऊची आई: वेगळं टेबल नको दादा, परत ती एकटी बसेल. एकाच टेबलावर सगळे हेच डोनट ठेवूया का? ४० करते मी, मावशी दळायला तयार आहेत.

ए-१०५ मावशी: ४० ला किती ज्वारी लागंल ते सांग, आणि सकाळी ये, दुपारी मी झोपते

सेक्रेटरी काका: मंजूर. बेकरीची ऑर्डर रद्द करतो. रविवारी पाऊस असेल तर बागेऐवजी पार्किंगमध्ये, गाड्या नऊच्या आत हलवा.

---

बी-२०४ चिऊची आई: सगळ्यांचे आभार, ४० मधले ३ उरलेत, ते पण काकांनी बांधून मागितलेत. चिऊ झोपाळ्यावर नव्हती, कुठं होती मला पण दिसली नाही, शोधावी लागली. एकच विनंती, माझा लाल दोरा बांधलेला चिमटा कुणाच्या तरी डब्याबरोबर गेलाय. आज रात्रीच द्या, आणि तोपर्यंत पोळीला लावू नका प्लीज.

ए-२०२ वहिनी: आमच्याकडं आलाय. आजींनी त्यानंच आत्ता… भाकरी उलटली, ज्वारीची. घेऊन येते.